भेरूघाटात गाडी दम टाकते: हॉर्सपॉवर कमी, टॉर्क कमी, की गिअर चुकीचा?

बुऱ्हाणपूरहून केळी भरून भेरूघाट चढत इंदूरच्या चोइथराम मंडीत येणारी एक पिकअप गेल्या पावसाळ्यानंतर चार वेळा आमच्याकडे येऊन गेली. तक्रार चारही वेळा तीच. बडवाहपर्यंत गाडी झकास, सपाटीवर ऐंशी सहज, पण बलवाडा सोडून घाट लागला की दम टाकते. भेरूघाटाच्या चढावर तर मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खातात. पहिल्या खेपेला एअर फिल्टर बदलला, दुसऱ्या खेपेला डिझेल फिल्टर. तिसऱ्या खेपेच्या आधी त्यानं दुसरीकडे कुठे तरी इंजेक्टर काढून साफ करून घेतले होते, त्याचे पैसे वेगळे गेले. चौथ्या खेपेला आला तो सरळ म्हणाला, "काका, गाडीत टॉर्कच उरला नाही. ते टॉर्क वाढवायचं बॉक्स मिळतं ना, ते बसवून टाकू."

गॅरेज माझं नाही, भाच्याचं आहे, तेजाजी नगरच्या पुढे. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिन तपासायच्या खोलीत बरीच वर्षं काढली, डायनॅमोमीटरच्या (इंजिनाचा टॉर्क आणि पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) शेजारी कानात बोळे घालून. आता सकाळी भाच्याकडे जाऊन बसतो, चहा पितो आणि कुणी विचारलं नसलं तरी बोलतो. हीच तक्रार मी सिमरोलच्या बटाटेवाल्याकडून ऐकली आहे, पावसात जोगी भडकचा धबधबा बघायला सहकुटुंब निघालेल्या सात सीटच्या गाडीवाल्याकडूनही ऐकली आहे. प्रत्येक जण "टॉर्क" किंवा "एचपी" यातला एक शब्द पकडून येतो आणि त्या शब्दावर पैसे घालवतो. म्हणून एकदा बैजवार लिहून काढतो.

मी त्याला एकच विचारलं. दम जातो तेव्हा गिअर कोणता, स्पीड किती आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा कुठे?

"गिअर चौथा. स्पीड पस्तीस-चाळीस. काटा कोण बघतो काका, वळण बघू का काटा?"

"आणि तिसरा का नाही टाकत?"

"तिसऱ्यात डिझेल पिते."

अर्धी बिमारी इथेच सापडली होती. उरलेली अर्धी सापडायला मला स्वतःला गाडीत बसून घाट चढावा लागला. ते पुढे येईल. आधी टॉर्क, पॉवर आणि गिअर या तीन शब्दांचा गुंता सोडवू, कारण तो सुटल्याशिवाय कुठला पार्ट बदलायचा हे कळतच नाही.

पाना, मोट आणि वॉटचा घोडा

चाकाचा नट गंजून बसलाय. गॅरेजमधलं पोरगं व्हील पान्याला लोखंडी पाइप घालतं आणि टोकावर चढून उभं राहतं. पोराचं वजन साठ किलो, पाना-पाइप मिळून एक मीटर. नटावर जवळपास ५९० न्यूटन-मीटर टॉर्क लागला. आमच्या केळीवाल्याच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २०० न्यूटन-मीटर. पोरगं त्याच्या तिप्पट लावून उभं आहे. आणि नट ढिम्म. टॉर्क भरपूर, काम शून्य. टॉर्क म्हणजे नुसती पिळायची ताकद. फिरलं तर काम झालं, नाही फिरलं तर पोराची कसरत झाली.

काम म्हणजे काय हे मला मोटेवरून कळलं. देवासकडे आजोबांच्या शेतावर मोट होती, मी शेवटची दोन-तीन वर्षं पाहिली. समजा मोटेत दीडशे लिटर पाणी आणि पाणी दहा मीटर खोल. एक मोट वर आली की साधारण १४,७०० ज्यूल काम झालं. जोडी तरणी असो की म्हातारी, एका मोटेचं काम तेवढंच, त्यात पैचा फरक नाही. फरक असा की तरणी जोडी मिनिटाला दोन मोटा काढते आणि म्हातारी एक. तरणीची पॉवर दुप्पट. पॉवर म्हणजे काम किती झपाट्यानं झालं, बास. एचपी, पीएस, किलोवॅट ही सगळी त्याच झपाट्याची मापं.

आता एचपीमधला घोडा. जेम्स वॉटनं १७८० च्या दशकात गिरणीला जुंपलेल्या घोड्याचा हिशोब मांडला. आपल्याकडच्या तेलाच्या घाण्यासारखंच, गोल गोल फिरायचं. वर्तुळाचा व्यास २४ फूट, तासाला १४४ फेरे, ओढ १८० पौंडांची. गुणाकार मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड येतो; त्यानं तो ३३,००० करून टाकला. तोच एक हॉर्सपॉवर, आजच्या मापात ७४६ वॅट. (गाडीच्या माहितीपत्रकावर बरेचदा पीएस लिहिलेलं असतं, ते ७३५.५ वॅटचं. फरक दीड टक्क्याचाही नाही, त्यावरून चहाच्या टपरीवर भांडू नये.)

माझ्या आवडीचा आकडा त्यानंतर येतो. १८० पौंडांची ओढ म्हणजे ८०० न्यूटन, आणि १२ फूट त्रिज्या म्हणजे ३.६६ मीटर. त्या घोड्याचा टॉर्क झाला सुमारे २,९०० न्यूटन-मीटर! पिकअपच्या इंजिनाच्या चौदापट. मग त्या घोड्याला केळीच्या गाडीला का नाही जुंपत? कारण तो मिनिटाला फक्त २.४ फेरे मारतो. टॉर्क राक्षसाचा, फेरे गोगलगायीचे, म्हणून पॉवर मोजून एक घोडा.

सूत्र एकच आहे: न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२३, उत्तर पीएसमध्ये. हा ७,०२३ नुसता मापांची अदलाबदल करणारा आकडा आहे. अमेरिकन मापांत तोच ५,२५२ होतो आणि तिथल्या आलेखांत टॉर्क आणि पॉवरच्या रेषा ५,२५२ आरपीएमवर एकमेकींना छेदतात. लोक त्या छेदबिंदूत काही तरी गूढ शोधत बसतात. गूढ काही नाही, फूट आणि पौंडांची करामत आहे.

आणि गिअरबॉक्स? शंभराची नोट मोडून देणारा दुकानदार. हातात दहाच्या दहा नोटा आल्या म्हणून श्रीमंत झालो असं होत नाही, आणि हा दुकानदार वर थोडी कटौतीही ठेवतो. खालचा गिअर चाकावरचा टॉर्क वाढवतो, त्याच पटीत चाकाचे फेरे कमी करतो. पॉवर होती तेवढीच, त्यातून दहा-बारा टक्के घर्षणात जाते.

मंडीच्या पट्टीच्या पाठीवर केलेला हिशोब

केळीवाल्याला हे सांगून झाल्यावर त्यानं जी मान हलवली ती "काका म्हातारे झाले" अशी होती. म्हणून त्याच्याच मंडीच्या पट्टीच्या पाठीवर आकडे मांडून दिले. ते इथे देतो, तुमच्या गाडीचे आकडे घालून करून पाहा.

धरमकाट्यावर गाडी भरलेली ३,००० किलो. इंजिन ७५ पीएस, ३,२०० आरपीएमला. टॉर्क २०० न्यूटन-मीटर, १,४०० ते २,२०० च्या दरम्यान. चौथा गिअर एकास एक, तिसरा १.४५, मागच्या डिफरन्शियलचं (चाकांच्या आधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण ४.३, टायरची त्रिज्या ३५ सेंटीमीटर. चढ सलग ६ टक्के धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर.

गाडीला मागे खेचणारं काय काय? चढामुळे १,७६६ न्यूटन. टायर रस्त्यावर दबत-दबत फिरतात त्याचे साधारण ४४०. हवेचा अडथळा चाळीसच्या स्पीडला १३० च्या आसपास. एकूण २,३०० च्या वर.

आता चौथ्या गिअरमध्ये इंजिन आपला सगळ्यात मोठा टॉर्क देतंय असं समजा. २०० गुणिले ४.३, त्यातून बारा टक्के घर्षणाचे वजा, भागिले ०.३५. चाकाशी ढकलायची ताकद आली २,१६० न्यूटन. चढ आणि टायर यांचेच २,२०६ होतात, हवा अजून धरलीच नाही. म्हणजे या वजनाला, या चढावर, ही गाडी चौथ्या गिअरमध्ये टिकूच शकत नाही. इंजिन काल शोरूममधून आणलेलं असलं तरी नाही.

"पण काका, थोडी तर चढते ना चौथ्यात!" चढते, कारण तो साठच्या स्पीडनं चढात शिरतो. ती आधीची धाव म्हणजे गाठीला बांधलेले पैसे. साठला तूट साधारण ३४० न्यूटनची आहे. तीन टनाच्या गाडीला एवढ्या तुटीनं दर सेकंदाला ताशी जेमतेम अर्धा किलोमीटर स्पीड गमवावा लागतो. त्यामुळे पहिलं पाऊण किलोमीटर सगळं ठीक वाटतं. मग स्पीड चाळीसच्या खाली येतो, आरपीएम १,३०० च्या खाली, आणि तिथे टॉर्कच उतरायला लागतो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा; त्याला पुरेसा धूर मिळत नाही, हवा कमी दाबली जाते. टॉर्क कमी म्हणून स्पीड कमी, स्पीड कमी म्हणून आरपीएम कमी, आरपीएम कमी म्हणून टॉर्क अजून कमी. ही घसरगुंडी लागली की ड्रायव्हरला वाटतं इंजिन मेलं. १,१०० वर समजा १४० न्यूटन-मीटर उरला, तर पॉवर किती? फक्त २२ पीएस. बोनेटखाली ७५ पीएस बसलेत आणि हा २२ वर घाट चढतोय.

तिसरा टाकला तर? चाळीसच्या स्पीडला आरपीएम १,९०० च्या जवळ, टॉर्क पूर्ण २००, चाकाशी ३,१०० न्यूटनहून जास्त. पॉवर ५४ पीएस. लागते चाळीस पीएसच्या आसपास. गाडी नुसती टिकत नाही, स्पीड घेते.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. सपाटीवर ऐंशीनं जायला या गाडीला इंजिनाकडून ३३ पीएसच्या आसपास पुरतात. "सपाटीवर ऐंशी सहज जाते, म्हणजे इंजिन ठणठणीत" हे म्हणणं म्हणून फोल आहे. निम्मं आजारी इंजिनही सपाटीवर ऐंशी काढतं. घाट ही खरी परीक्षा.

डिझेलची भीती राहिली. नर्मदेच्या काठावरून माळव्याच्या पठारावर यायचं म्हणजे साडेतीनशे मीटर तरी उंची. तीन टन साडेतीनशे मीटर वर उचलायचं काम १ कोटी ३ लाख ज्यूल, म्हणजे १०.३ मेगाज्यूल. एका लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता, त्यातली साधारण एक तृतीयांश इंजिन कामाला लावतं. म्हणजे गाडी नुसती वर आणायलाच एक लिटरच्या आसपास डिझेल जाणार, तिसऱ्यात चढा, चौथ्यात चढा, की बैल लावा. मोटेचं पाणी आहे ते. तिसऱ्यात आरपीएम जास्त म्हणून इंजिनाच्या आतलं घर्षण थोडं जास्त खातं, हे कबूल. पण ते कपभर. तो कप वाचवायला इंजिन १,१०० वर थडथडवत, काळा धूर सोडत चढवलं तर त्याची भरपाई माउंटिंग, क्लच आणि बेअरिंगच्या बिलात होते.

याच कड्यावर जरा पश्चिमेला पाताळपाणी-कालाकुंडचा मीटरगेजचा घाट आहे, चढ ४० ला १, म्हणजे अडीच टक्के. आपल्या रस्त्याच्या निम्म्याहून कमी. तरी कालाकुंडला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावायचे, आणि तेवढ्या वेळात आम्ही फलाटावर उतरून पानात बांधलेला कलाकंद घ्यायचो. पिकअपला टनामागे २५ पीएस मिळतात, आगगाडीला मोजकेच. म्हणून तिला अडीच टक्क्यांतही मदतीचा हात लागतो. प्रश्न इंजिन किती मोठं हा नसतो, किती वजनाला किती पॉवर हा असतो.

स्वतः बसून चढलो तेव्हा

एका गुरुवारी बडवाहला एसटीडी... नाही, ते जुने दिवस गेले, मोबाइलवर ठरवून त्याच्या गाडीत बसलो. मागे केळी, मांडीवर वही. चोरल मागे टाकलं, चढ लागला, त्यानं सवयीनं चौथ्यातच ठेवली. अठ्ठावन्न, पन्नास, चव्वेचाळीस, अडतीस. दांडा थरथरायला लागला. म्हटलं, आता टाक तिसरा. टाकला. काटा २,००० वर, आवाज मोकळा झाला, स्पीड चढला. चाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस.

आणि पंचेचाळीसवर अडकला. पेडल जमिनीला टेकलेलं, काटा २,१०० च्या किंचित वर, आणि गाडी म्हणते आता नाही.

तो खूश होता. मी नव्हतो. हिशोबानं ही गाडी तिसऱ्यात साठ धरायला हवी.

इथे एक साधी तपासणी सांगतो, डायनॅमोमीटर नसलेल्या माणसासाठी. सलग चढाचा तुकडा निवडा. पेडल पूर्ण दाबून जो स्पीड टिकतो तो टिकू द्या. शेजारी बसलेल्यानं (ड्रायव्हरनं नाही!) फोनवरची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि घड्याळ बघायचं. फोनची उंची दहा-वीस मीटर इकडेतिकडे जाते, म्हणून किमान शंभर-सव्वाशे मीटरचा टप्पा घ्या, आणि दोन-तीन फेऱ्यांची सरासरी काढा. मग वजन गुणिले ९.८१ गुणिले उंची, भागिले सेकंद. उत्तर वॅटमध्ये. म्हणजे पुन्हा मोटच: किती पाणी, किती खोलीतून, किती वेळात.

आम्हाला १२० मीटर चढायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. उचलण्याचे २२ किलोवॅट, म्हणजे ३० पीएस. टायर आणि हवेचे दहा. चाकाशी चाळीस, घर्षण धरून इंजिनाचे ४६. आणि सूत्र काय म्हणतं? २,१३० आरपीएम गुणिले २०० भागिले ७,०२३, साठ पीएस हवेत. चौदा पीएस गायब.

म्हणजे गिअरची चूक होतीच, पण तिच्या मागे एक खरी बिमारी लपून बसली होती. चौथ्यात १,२००-१,३०० वर टर्बो फारसा दाब देतच नाही, त्यामुळे दाबाची गळती असली तरी फार फरक दिसत नाही. तिसऱ्यात दाब पूर्ण चढला तेव्हा ती उघडी पडली.

गॅरेजला आल्यावर इंटरकूलरपासून (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपासून) इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप बघितला. वरून नवा कोरा. भाच्यानं खालून हात फिरवला तर बोटाला तेलाचा ओशटपणा आणि त्यावर बसलेली धूळ. तिथेच बोटभर चीर. इंजिन बंद असताना ओठ मिटल्यासारखी मिटलेली, दाब आला की उघडणारी. खात्री करायला एका टोकाला बुच मारून कॉम्प्रेसरची अगदी हलकी हवा दिली आणि साबणाचं पाणी ओतलं. बुडबुड्यांचा पुंजका उठला. जास्त दाबाची हवा इथे देऊ नका, चांगले पाइपही निसटतात. इंजेक्टर साफ करायला घालवलेल्या पैशांपेक्षा हा पाइप पुष्कळ स्वस्त पडला.

पुढच्या खेपेला त्याच तुकड्यावर पंचावन्नवर गाडी धरली, पेडल पूर्ण न दाबता. दोन मिनिटं अकरा सेकंद. वळणं होती म्हणून साठचा हट्ट धरला नाही.

तुमच्या गाडीत काय शोधायचं

तीन आकडे लिहून आणा: गिअर, स्पीड, आरपीएम. त्यावरून बरंच कळतं.

आरपीएम खाली घसरत असेल आणि खालचा गिअर टाकला की गाडी सुधारत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा. सवय बदला, आणि चढ लागण्याआधी गिअर टाका, दम गेल्यावर नाही. एक मात्र बघा: मागे कुणी हौसेनं मोठे टायर घातलेत का? त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढली की चाकाशी ढकलायची ताकद साधारण तेवढीच घटते. दिसायला गाडी रुबाबदार, घाटात सगळे गिअर उंच झालेले.

आरपीएम योग्य पट्ट्यात असूनही स्पीड पडत असेल, तर पॉवर खरंच कमी तयार होते आहे. हवा, डिझेल, दाब, या क्रमानं जा, कारण खर्चाचा क्रमही साधारण तोच आहे. एअर फिल्टर झटकून परत बसवू नका, निमाडात कापसाच्या दिवसांत तर तो गच्च भरलेला असतो. काळा धूर जास्त आणि दम कमी म्हणजे डिझेल येतंय, हवा पोचत नाही: फिल्टर, टर्बोचे पाइप, किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). टर्बोला इशारा देणारी बारीक व्हॅक्यूमची नळी चिरली तरी हेच होतं, आणि ती नळी सगळ्यात शेवटी तपासली जाते, का कोण जाणे. धूर नाही पण चढाचे पहिले दोन किलोमीटर बरे आणि मग गाडी पडते, थांबून पाच मिनिटांनी पुन्हा ठीक, असं असेल तर डिझेल पुरत नाही: फिल्टर तुंबलाय, त्यात पाणी आहे, किंवा टाकीच्या झाकणाचा श्वास बंद आहे. तापमानाचा काटाही बघा, इंजिन तापलं की बऱ्याच नव्या गाड्या स्वतःच पॉवर कापतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या कडक नियमांच्या) डिझेल गाड्यांत आणखी एक खोच आहे. पॉवर एकदम कुणी टोपी घातल्यासारखी थांबते, डॅशबोर्डवर पिवळं इंजिन पेटतं, चावी बंद-चालू केली की पुन्हा सुरळीत. हा गाडीनं स्वतःला घातलेला लगाम. आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचा, लिहून ठेवा, मग पुसा. आमच्याकडे पुष्कळ गाड्या कोड आधीच पुसून येतात. डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट फाडून टाकल्यासारखं. सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर तुंबलेला असणं हे अशा गाड्यांत नेहमीचं कारण, विशेषतः ज्या राजवाडा ते मंडी अशाच फिरतात आणि कधी मोकळ्या रस्त्यावर तापत नाहीत.

आरपीएम वाढतात पण स्पीड वाढत नाही, आणि जळका वास येतो? क्लच प्लेट. इंजिन पॉवर देतंय, ती वाटेतच उष्णता होऊन जाते आहे.

सगळं ठीक दिसतं आणि तरी गाडी जड? घाट चढून वर आल्यावर, ब्रेक न वापरता थांबा आणि चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. एकच चाक भाजत असेल तर ते ब्रेक धरून चाललंय. चढताना ब्रेकला काही काम नसतं, त्यामुळे तिथली उष्णता म्हणजे चोरीला गेलेले पीएस. टायरमधली हवा कमी असेल तर तीही अशीच चोरी.

आणि "इंदूर उंचावर आहे म्हणून दम जातो" हेही ऐकायला मिळतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची पॉवर दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्यानं घटते. इंदूर साडेपाचशे मीटरवर, म्हणजे पाच-साडेपाच टक्के. टर्बो असेल तर बहुतेक भरून निघतात. एवढ्यानं कुणाचा चौथा गिअर पडत नाही भिया.

राहिलं ते बॉक्स. अशा पेट्या इंजिनाला जास्त डिझेल, जास्त दाब द्यायला लावतात आणि टॉर्क खरंच वाढतो, मी डायनॅमोमीटरवर पाहिलंय. पण तो वाढलेला टॉर्क क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोला झेलावा लागतो. ते त्या हिशोबानं बनलेले नसतात. आणि आमच्या केळीवाल्याच्या गाडीत ती पेटी बसली असती तर वाढवलेला दाब त्याच चिरेतून बाहेर गेला असता, आणि चीर बोटाची वीतभर झाली असती.

फाटका पाइप भाच्यानं खिळ्याला टांगून ठेवलाय, गिऱ्हाइकांना दाखवायला. केळीवाला आता तिसऱ्यात चढतो, काटाही बघतो. डिझेलचा हिशोब वहीत लिही म्हटलं तर लिहितोय. तीन खेपांत फरक अर्ध्या लिटरच्या आतच आहे, तोही कधी इकडे कधी तिकडे. बॉक्सचा विषय मात्र त्यानं सोडलेला नाही. परवा पुन्हा म्हणाला, "काका, आता तर पाइप नवा आहे ना?"